पर्ल हार्बरची ‘होगा’ टग: खरी नोंद कुठे मिळेल, आणि अशी बोट टिकवायची कशी?

रावपुरा_वाचक (वडोदरा):

नमस्कार मंडळी,

दांडिया बाजारातल्या आमच्या वाचक मंडळात पुढच्या महिन्यात युद्धकाळातल्या बोटींच्या जतनावर मराठीतून स्लाइड-शो ठेवलाय. विमानवाहू जहाजं आणि पाणबुड्या यांवर सगळेच बोलतात, म्हणून मी अमेरिकी नौदलाची ‘होगा’ ही टग, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणारी-ढकलणारी बोट, घेतली आहे. ७ डिसेंबर १९४१ला जपानी हल्ल्याच्या वेळी पर्ल हार्बरमध्ये होती आणि आजही शाबूत आहे, एवढं पक्कं. पुढचं वाचायला गेलं की एकाच मजकुराच्या दहा नकला सापडतात. कुठे तिने ‘नेवाडा’ या बॅटलशिपला वाचवलं, कुठे ‘ॲरिझोना’ला, कुठे सगळ्यांनाच. त्या दिवशी तिने नेमकं काय केलं आणि ते पडताळायचं कशावरून?

दुसरं असं की लोखंडी टग ऐंशी वर्षं टिकते ती कशामुळे, आणि ज्या टिकल्या नाहीत त्या कशाने गेल्या? श्रोत्यांत एल अँड टी आणि रिफायनरीतले निवृत्त इंजिनिअर आहेत. ‘नियमित देखभाल’ एवढ्यावर ते मला सोडणार नाहीत.

तिसरा प्रश्न मंडळातल्या एका काकांचा. अलंगला जुन्या टग तोडायला येतात, तर त्यातली एखादी आणून वडोदऱ्यात उभी करता येईल का? काका हे मनापासून विचारताहेत, त्यामुळे उत्तरही तसंच द्या.

नांगर_आणि_दोर:

स्लाइडवर नावाआधी ‘यूएसएस’ लिहिलं असेल तर आधी ते काढा. यार्ड टग (बंदरातच काम करणारी टग) युद्धनौकेसारखी रीतसर कमिशन होत नसे, तिला ‘सेवेत दाखल’ करत. होगाचा नंबर वायटी-१४६. न्यू यॉर्कच्या मॉरिस हाइट्समधल्या कन्सॉलिडेटेड शिपबिल्डिंगने बांधली, ३१ डिसेंबर १९४०ला पाण्यात उतरली आणि २२ मे १९४१ला सेवेत आली. लांबी साधारण १०० फूट, रुंदी २५ फूट. मे १९४४ मध्ये वर्गीकरण बदललं आणि ती वायटीबी-१४६ झाली, त्यामुळे १९४१च्या फोटोखाली ‘वायटीबी’ लिहिलेलं दिसलं तर ओळ नंतरची आहे असं धरा.

नोंदी शोधताना याच दर्जामुळे पंचाईत होते. यार्ड टगवर अधिकारी नसे, होगाचा ताबा चीफ बोट्सवेन्स मेट जो मॅकमॅनस यांच्याकडे होता. मोठ्या युद्धनौकेसारखा स्वतंत्र, सविस्तर कारवाईचा अहवाल अशा बोटीकडून शोधत बसू नका. टगचं काम दुसऱ्यांच्या कागदांत सापडतं: नेवाडा, व्हेस्टल, ओग्लाला आणि हेलेना या जहाजांचे हल्ल्यानंतरचे अहवाल घ्या, आणि त्यांत टग कुठे येते तेवढंच उतरवून वेळेनुसार एका तक्त्यात मांडा. अमेरिकी नौदलाच्या इतिहास विभागाच्या संकेतस्थळावर हे अहवाल वाचायला मिळतात. एक सावधगिरी बाळगा. अहवालात बहुतेक ठिकाणी नुसतं ‘एक टग’ असतं, नंबर नसतो. होगाचीच जुळी ‘नोकोमिस’, वायटी-१४२, त्या दिवशी त्याच बंदरात होती. नंबर दिसत नसेल तर होगाचं नाव घालू नका, ‘यार्डच्या टगने’ असं लिहा.

या पद्धतीने जे हाती लागतं ते असं. बाँब पडायला लागल्यापासून साधारण दहा मिनिटांत होगा धक्क्यावरून सुटली. ॲरिझोनाला बाहेरच्या बाजूने दुरुस्ती-जहाज व्हेस्टल बांधलेलं होतं. ॲरिझोना जळत असताना व्हेस्टलला दोर लावून तिने बाजूला ओढलं, मग व्हेस्टल स्वतः चालत जाऊन उथळ पाण्यात रुतली. १०१० धक्क्यावर हेलेनाच्या बाहेर सुरुंग-जहाज ओग्लाला होतं. त्याच्या खालून गेलेला टॉर्पेडो हेलेनावर फुटला आणि त्या दणक्याने ओग्लालाचे सांधे उघडले. ते हेलेनाला घेऊन कलंडू नये म्हणून होगा आणि आणखी एका टगने त्याला मागे धक्क्याला नेऊन लावलं. तिथे ते कलंडलंच, पण हेलेना मोकळी राहिली.

नेवाडाचं प्रकरण सगळ्यात जास्त चुकीचं लिहिलं जातं. त्या सकाळी चालू पडलेली ती एकच बॅटलशिप. पाणी भरत असताना ती खाडीच्या तोंडाशी बुडाली असती तर बंदराचा रस्ताच बंद झाला असता. ती हॉस्पिटल पॉइंटला रुतवली गेली ती तिच्याच लोकांकडून, होगाने ढकलून नव्हे. होगाचं काम त्यानंतर सुरू होतं: नाळेच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) डाव्या अंगाला चिकटून आग विझवणं, आणि मग इतर टगबरोबर नेवाडाला तिथून काढून समोरच्या वायपिओ बाजूला नेणं. नेवाडाच्या डाव्या नाळेशी पाण्याचे फवारे सोडणाऱ्या होगाचा फोटो प्रसिद्ध आहे, तो मोठा करून दाखवा. एवढीशी टग बॅटलशिपच्या पुढच्या डेकवर पाणी कसं पोचवते ते त्यात दिसतं. त्यानंतर ती बॅटलशिपच्या रांगेत गेली आणि मंगळवार, ९ डिसेंबरच्या दुपारपर्यंत ॲरिझोनाच्या आगीवर होती. ‘ॲरिझोनाला वाचवलं’ ही ओळ मात्र काढाच, ॲरिझोना वाचलीच नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल निमिट्झ यांनी मॅकमॅनस आणि खलाशांचा लेखी गौरव केला.

श्रोते इंजिनिअर आहेत म्हणून एक यंत्राची स्लाइड वाढवा. होगा डिझेल-इलेक्ट्रिक होती. दोन डिझेल जनरेटर फिरवतात, पाण्यातला पंखा फिरतो विजेच्या मोटरवर. डिझेल थांबवून उलट फिरवायची गरज नाही, पुढे-मागे करणं मोटरवर होतं, आणि अगदी कमी वेगालाही पूर्ण जोर मिळतो. जळत्या जहाजाच्या अंगाशी टेकून राहायचं तर नेमकं हेच लागतं.

पुढचा प्रवास थोडक्यात: १९४८पासून ओकलंड बंदरात अग्निशामक बोट म्हणून काम, १९८९ला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा, १९९०च्या दशकात ओकलंडहून परत, मग सुइसुन बेमधल्या राखीव ताफ्यात अनेक वर्षं नुसती उभी. नोव्हेंबर २०१५ मध्ये आर्कान्सामधल्या नॉर्थ लिटल रॉकच्या संग्रहालयात पोचली. तिथेच ‘रेझरबॅक’ पाणबुडी आहे, जी २ सप्टेंबर १९४५ला टोकियो उपसागरात होती.

बिल्ज_पंप (भावनगर):

दुसरा प्रश्न माझ्या वाटेचा. आधी न टिकलेलीचं बघू, कारण त्यातून जास्त कळतं. ‘झुनी’, एटीएफ-९५, समुद्रात लांबवर ओढून नेणारी २०५ फुटी टग. १९४४ मध्ये टॉर्पेडो लागलेली क्रूझर ‘रेनो’ तिने उलिथीला ओढून आणली, पुढे इवो जिमाला होती. १९४६पासून कोस्ट गार्डमध्ये ‘तामारोआ’ या नावाने १९९४पर्यंत राबली. निवृत्तीनंतर स्वयंसेवकांनी जपायला घेतली. २०१२ मध्ये हलला (बोटीच्या बाहेरच्या कवचाला) गळती लागून इंजिनरूममध्ये पाणी भरलं आणि जतनाचा बेत तिथेच संपला. मे २०१७ मध्ये ती कृत्रिम प्रवाळासाठी समुद्रात बुडवली. एवढी युद्धं आणि वादळं काढलेली बोट धक्क्याला बांधलेली असताना गेली, हे श्रोत्यांसमोर ठेवा.

असं होतं कारण चालत्या बोटीवर रोज कोणीतरी बिल्जमध्ये (तळाच्या, पाणी साचणाऱ्या भागात) डोकावतो, उभ्या बोटीवर कोणी जात नाही. आणि प्लेट आतून खाल्ली जाते. डेकच्या सांध्यातून, खिडकीच्या चौकटीतून, जुन्या नळांच्या भोकांतून पावसाचं पाणी उतरतं. ते फ्रेमच्या कोपऱ्यात, इंजिनच्या बैठकीखाली आणि केबिनच्या लाकडी अस्तरामागे साचतं. बाहेरून रंग तुकतुकीत असतो आणि आत ९-१० मिलिमीटरची प्लेट ३-४वर आलेली असते. म्हणून बोट ताब्यात घेण्याआधी अल्ट्रासॉनिक जाडीमापन करा. पाण्याच्या रेषेवर, बिल्जच्या वळणावर आणि पंख्याजवळच्या भागात अर्ध्या मीटरची जाळी, बाकी ठिकाणी एक मीटरची चालेल. मूळ जाडीच्या २०-२५ टक्क्यांहून जास्त घट असेल तिथे प्लेट कापून नवी बसवायची, कोपरे गोल ठेवून. वरून दुसरी प्लेट ठोकून डबलर करणं स्वस्त पडतं, पण दोन प्लेटींच्या मध्ये पाणी अडकतं आणि गंज झाकलेल्या जागी वाढत राहतो. पाण्यात उभ्या असलेल्या पातळ प्लेटवर नीडल गन (सुयांनी ठोकून गंज काढणारं हत्यार) कधीच चालवू नका, सरळ भोक पडतं.

हलखालची भोकं हा दुसरा धोका. स्थिर राहणार असेल तर ड्राय डॉकमध्ये सगळे सी-चेस्ट (समुद्राचं पाणी आत घेणारी तळाची तोंडं) बाहेरून १० मिलिमीटर प्लेटने, अखंड वेल्डने बंद करा. नुसता आतला व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. जुन्या ओतीव लोखंडाच्या व्हॉल्व्हमधलं लोह खाल्लं जाऊन मऊ ग्रॅफाइट उरतं, दिसायला अख्खं असतं आणि टकटक केली तर तुटतं. शाफ्टच्या ग्लँडला (शाफ्ट हलबाहेर पडतो तिथल्या पाणी अडवणाऱ्या सांध्याला) नवं पॅकिंग भरून बाहेरून सील करा, शाफ्ट आणि सुकाणू लॉक करा.

ॲनोडची, म्हणजे पोलादाऐवजी स्वतः खाल्ल्या जाणाऱ्या धातूच्या ठोकळ्यांची, गडबड सगळीकडे दिसते. खाऱ्या पाण्यात जस्त किंवा ॲल्युमिनियम चालतं. नदीच्या गोड पाण्यात जस्तावर थर बसतो आणि ते काम करणं थांबवतं, तिथे मॅग्नेशियम लागतं. होगा आता नदीत आहे, म्हणून हा मुद्दा तुमच्या विषयातलाच. सिल्व्हर-क्लोराइड इलेक्ट्रोडने मोजल्यावर समुद्राच्या पाण्यात पोलादाचं पोटेन्शियल उणे ०.८० व्होल्ट किंवा त्याखाली हवं, पण उणे १.१०च्या खाली गेलं तर रंग सुटायला लागतो. किनाऱ्यावरून वीज घेत असाल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावाच. नाहीतर अर्थिंगच्या तारेतून तुमची टग शेजारच्या बोटीची ॲनोड बनते.

पंपाबद्दल एक गोष्ट नीट सांगतो. ऑटोमॅटिक बिल्ज पंप लावला की लोक निर्धास्त होतात, आणि तोच पंप गळती लपवतो. रोज दहा मिनिटं चालणारा पंप तासभर चालायला लागला तरी बिल्ज कोरडंच दिसतं. पंपाला तास मोजणारं मीटर लावा आणि दर आठवड्याला आकडा वहीत लिहा. त्याच्या वर दुसरा फ्लोट स्विच, वेगळ्या बॅटरीवर, फोनला जोडलेला.

रंगाचं काम: आधी गोड्या पाण्याच्या दाबाने मीठ धुवायचं, नंतर ब्लास्टिंग करून एसए अडीच (जवळजवळ उघड्या धातूपर्यंत साफ), मग इपॉक्सी. मिठावर रंग दिला तर पावसाळा संपायच्या आत फोड येतात. पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत असेल तरच ब्रश उचला. आपल्याकडे याचा अर्थ नोव्हेंबर ते मार्च. खरवडण्याआधी जुन्या रंगात शिसं आहे का ते तपासा. एक्झॉस्टच्या लॅगिंगमध्ये (उष्णता रोखणाऱ्या वेष्टनात) ॲस्बेस्टॉस असतंच असं समजून चाला, तिथे हात लावायचा तो परवाना असलेल्या माणसानेच.

रावपुरा_वाचक (वडोदरा):

दोघांचे मनापासून आभार. नेवाडाची स्लाइड बदलली, ‘यूएसएस’ काढलं. बिल्ज_पंप, यंत्रं चालती ठेवायची नसतील तर डिझेल आणि मोटरचं काय करायचं? आणि काकांचा प्रश्न तसाच राहिलाय.

बिल्ज_पंप (भावनगर):

डिझेल हाताने फिरत राहिलं पाहिजे. महिन्यातून एकदा इंडिकेटर कॉक (सिलिंडरवरच्या छोट्या तोट्या) उघडून, हातपंपाने तेल चढवून, बारिंग गिअरने (इंजिन हळू फिरवायच्या गिअरने) सव्वा फेरी. पूर्ण फेरी मारली तर पिस्टन दर वेळी त्याच जागी थांबतात आणि लायनरवर तिथेच रेघ पडते. कॉकमधून पाणी आलं तर थांबा, आधी कारण शोधा. ओढून फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

मोटर-जनरेटरचा शत्रू ओल आहे. आत ६० वॉटचे दोन-तीन दिवे कायम जळते ठेवा, वर ताडपत्री, पण हवा खेळती राहील अशी. वर्षातून दोनदा मेगर करून (इन्सुलेशनचा रोध मोजून) आकडा लिहा. एखादा आकडा चांगला की वाईट यापेक्षा तो दर वेळी उतरतोय का ते बघा. एक मेगाओमच्या खाली गेलं की वीज द्यायची नाही. ब्रश उचलून ठेवा, नाहीतर ब्रशखाली कॉम्युटेटरवर डाग पडतात.

कलाभवन_यंत्र (वडोदरा):

काकांच्या प्रश्नाचं उत्तर: होगाएवढी टग नाही, लहान टग हो, पण त्यातही आधी यंत्रं आणा.

१०० फुटी टगची रुंदी २५ फूट म्हणजे ७.६ मीटर. रस्त्यावर साध्या वाहनाला २.६ मीटरची मर्यादा आहे, पुढे सगळं ओडीसी (मापाबाहेरच्या मालाच्या) परवानगीचं काम. ७.६ मीटरला टोलनाके, पूल आणि रेल्वेच्या विजेच्या तारा, सगळंच आडवं येतं. कापून आणायची तर परत जोडण्याचा खर्च बोटीच्या भंगार किमतीच्या कितीतरी पट. तुकड्यांतून बोट बांधणं शक्य आहे हे युद्धकाळातच सिद्ध झालंय. ब्रिटनच्या ‘टीआयडी’ टग ६५ फुटी, १७ फूट रुंद, आठ तयार भाग ट्रकवरून गोदीत आणून वेल्ड केलेल्या. अशा १८२ बांधल्या. पण तिथे प्रत्येक तुकडा त्याच मापाने आखलेला होता. आपण गॅसकटरने आडवं कापलं तर फ्रेम, पाइप, केबल सगळंच तुटतं.

समजा ६५ फुटी टग आणलीच. वडोदऱ्यात तिचा खरा प्रश्न विश्वामित्रीचा आहे. २०१९ आणि २०२४ला पाणी कुठवर आलं ते सगळ्यांना माहीत आहे. हिशेब मांडून बघा: लांबी १९.८ मीटर, रुंदी ५.२ मीटर, आकाराचा गुणांक ०.५५ धरला तर एक मीटर खोलीला साधारण ५६.६ घनमीटर पाणी हटतं. रिकामी बोट ८० टनांची असेल तर सुमारे १.४ मीटर पाण्यात ती पाळण्यावरून (खालच्या आधाराच्या चौकटीवरून) उचलली जाईल. सखल जागी ठेवली तर पुरात सुटून शेजारच्या भिंतीवर जाऊन बसेल. निचऱ्याची भोकं उघडी ठेवली तर तरंगणार नाही, पण इंजिनरूम गाळाने भरेल. म्हणून जागा उंचावरचीच हवी, आणि तरीही साखळदंड काँक्रीटमध्ये गाडून बांधायची.

जमिनीवरच्या बोटीची बाकीची काळजी: आधार कण्याखाली आणि बल्कहेडच्या (आतल्या आडव्या भिंतींच्या) रेषेत द्यायचे, दोन फ्रेमच्या मधल्या प्लेटवर कधीच नाही, तिथे प्लेट आत दबते. पाळणा मागच्या बाजूला किंचित उतरता ठेवा, म्हणजे पाणी एकाच टोकाला येईल. प्रत्येक कप्प्याच्या सगळ्यात खालच्या जागी २५ मिलिमीटरचं भोक, आटे पाडून त्याला पितळी प्लग. जूनच्या आधी प्लग काढायचे. चिमणीवर टोपी, पण जाळीची, पूर्ण बंद नको, आत हवा फिरली पाहिजे. चबुतऱ्यावर उभ्या केलेल्या वाफेच्या इंजिनांत बॉयलरच्या आवरणाखाली गंज लागतो तो याच कारणाने: पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नसते.

काकांना माझा सल्ला असा. अलंगहून टोइंग हुक, कॅप्सटन (दोर ओढायचा उभा रहाट), इंजिनरूमचा टेलिग्राफ (इंजिनाला हुकूम पाठवायचं यंत्र) आणि जमलं तर एक छोटं सहायक डिझेल आणा. सगळं एका ट्रकमध्ये येतं, छपराखाली राहतं आणि मुलांना हाताने चालवून दाखवता येतं. टोइंग हुकचा सोडण्याचा खटका चालू स्थितीत दाखवा. दोर ताणलेला असताना तो एका झटक्यात सुटला नाही तर टग आडवी ओढली जाऊन उलटते, ते तिथे उभं राहिल्यावर पटकन समजतं.

नांगर_आणि_दोर:

कलाभवन यंत्र म्हणतात ते बरोबर. त्यात कायद्याची बाजू जोडतो. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात वस्तू किमान १०० वर्षांची असावी लागते, हस्तलिखितासारख्या कागदांना ७५. म्हणजे १९४०च्या दशकातल्या टगला त्या कायद्याचा आधार आज मिळत नाही, ती मालकाच्या दृष्टीने भंगारच. विमानवाहू ‘विक्रांत’एवढं मोठं नाव असूनही संग्रहालय २०१२ला बंद झालं आणि २०१४ला ती तोडायला गेली. टिकलेली उदाहरणं बघायची तर विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी वाळूवर ओढून पक्क्या पायावर ठेवली आहे, २००२पासून लोक आत जाताहेत. पाण्यातून बाहेर काढली म्हणून गळतीची चिंता गेली, खाऱ्या हवेची राहिली.

यार्डमधून काही आणायचं ठरलं तर सुटं करण्याआधी तिथेच नोंद करून घ्या. बिल्डरची पितळी पाटी, इंजिनचा नंबर, मुख्य बीमवर कोरलेला अधिकृत नोंदणी क्रमांक. पाट्या सगळ्यात आधी नाहीशा होतात, आणि नोंदणी क्रमांक हातात असला की बोटीची आधीची सगळी नावं रजिस्टरमध्ये सापडतात. प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवा. केबल आणि पाइप कापण्याआधी दोन्ही टोकांना एकच नंबर ठोकलेली ॲल्युमिनियमची चकती तारेने बांधा. मार्करने लिहिलेलं डिझेलने पुसलं जातं.

रावपुरा_वाचक (वडोदरा):

काकांना दाखवलं. ते टोइंग हुकवर राजी आहेत. चकत्या किती जाडीच्या घ्यायच्या?

नांगर_आणि_दोर:

एक मिलिमीटर पुरे. तार मात्र स्टेनलेसची घ्या, साधी बाइंडिंग वायर एका पावसात तुटते.